घराच्या मधोमध कोर्ट

पडेगावच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा पप्पांना एवढंच माहीत होतं, की ते शेजाऱ्यांसारखं नको. शेजाऱ्यांच्या खांबांवर सोनेरी कमळं होती आणि गच्चीवर फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या. त्याला हसण्याइतपत अभिरुची आमच्या घरात आली होती. पण मग आपल्याला काय हवं, हे ठरवण्याइतपत आली नव्हती. म्हणून पुण्याहून आर्किटेक्ट आणला.

तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "मिड-सेंच्युरी मॉडर्न." पप्पांनी मान डोलावली. कन्नडहून खास या बैठकीसाठी आलेले मोठे काका म्हणाले, "म्हंजी काय ते?"

"म्हणजे काका, गेल्या शतकाच्या मध्यावर जगभर जी शैली आली ना, ती."

"मंग जुनंच घर नवं म्हनून बांधनार म्हना की."

सगळे हसले. त्या दिवशी बोललं गेलेलं ते एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं.

त्याने टॅबलेटवर चित्रं दाखवली. सपाट छत, पुढे आलेला लांब छज्जा, सिमेंटची जाळी. असली इमारत मी लहानपणापासून पाहत होते. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे कारकून गेले, नवे आले, आणि त्यांच्यासाठी सरकारने तालुक्यातालुक्यात जी विश्रामगृहं बांधली, ती हीच. आई चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "सरकारी दवाखान्यावानी दिसतंय." आर्किटेक्ट तिच्याकडे बघून हसला. न शिकलेल्या माणसांना समजून घेणारे लोक हसतात, तसा.

या बैठकांना मी असायची ती दुभाषी म्हणून. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजीत छापलेलं काहीही मला कळतं, असा घरात समज होता. मी फारशी बोलत नाही, त्याला ते संस्कार म्हणत.

पण या घरात मला एक गोष्ट हवी होती. तोवर आम्ही पप्पांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी कॉट बाहेरच्या खोलीत होती. पाहुणे आले की तिच्यावर चादर टाकायची आणि तिचा सोफा व्हायचा. तेवीस वर्षांची होऊनही मी कपडे बदलायला बाथरूममध्ये जायची. मला अशी खोली हवी होती, जिथे दिवसभर उजेड असेल आणि रस्त्यावरचं कोणी आत पाहू शकणार नाही. हे तोंडाने सांगणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी आर्किटेक्टला इंग्रजीत ईमेल केली. त्याने ऐकलं. रस्त्याच्या बाजूला विटांची सलग भिंत, आणि आतल्या बाजूला, घराच्या मधोमध, कडुनिंबाचं झाड असलेला उघडा चौक. माझ्या खोलीची त्या बाजूची भिंत पूर्ण काचेची. दुसरी खिडकी नाही. मला वाटलं, एक तरी माणूस वाचतो. पुढे कळलं, की विटांची ती कोरी भिंत त्याला फोटोसाठी आधीपासूनच हवी होती.

नकाशाची मोठी प्रत आली, त्या दिवशी मोठे काका पुन्हा आले. त्यांना इंग्रजी अक्षरं लागतात, तालुक्याच्या न्यायालयात बांधाच्या वादाच्या तारखा करून करून लागायला लागली. त्यांनी चष्मा लावला, बोट घराच्या बरोबर मध्यावर ठेवलं आणि वाचलं, "कोर्ट."

"हो, सेंट्रल कोर्ट," आर्किटेक्ट म्हणाला. "इट्स द सोल ऑफ द हाऊस."

"घरात कोर्ट?"

"कोर्टशिवाय हे घरच नाही काका. सगळ्या खोल्या कोर्टावर उघडतात."

काकांनी चष्मा काढला. "या एका शब्दात माझी निम्मी उमर गेली. वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. सख्ख्या चुलतभावाचं तोंड पाहत नाय मी. आन् तुमी त्यो शब्द घराच्या पोटात लिहून ठेवनार? नाय जमायचं."

आर्किटेक्टने व्हेंटिलेशन, लाइट, फ्लो असं काय काय सांगितलं, पण चौक हा साधा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. बहुधा तो त्याच्याकडे नव्हताच. आणि काकांचा जन्म चौकाच्या घरातला. लहानपणी त्यांची आंघोळसुद्धा चौकातच व्हायची, हे ते प्रत्येक दिवाळीला सांगतात.

मला एवढंच बोलायचं होतं: काका, कोर्ट म्हणजे चौक. मी तोंड उघडलं असावं, कारण काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आता इंग्लिश मिडियम काय म्हनतंय? कोर्टाची बाजू घेनार का माय तू?"

सगळे हसले. मी नकाशाचा कोपरा सरळ केला.

आठवड्याने नवा नकाशा आला. कोर्ट खोडून तिथे फॅमिली लाउंज लिहिलं होतं. वर स्लॅब. समोरच्या भिंतीवर टीव्ही. कडुनिंब गेला. माझी काच मात्र होती तिथेच होती. म्हणजे सोफ्यावर बसलेल्याला एका बाजूला टीव्ही दिसणार आणि दुसऱ्या बाजूला मी. मी आर्किटेक्टला लिहिलं, रस्त्याच्या बाजूला उंचावर एक छोटी खिडकी द्या. एका ओळीचं उत्तर आलं: खिडकीने एलिव्हेशन, म्हणजे घराची दर्शनी बाजू, बिघडेल.

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी साइटवर पप्पा एकटे होते. सळया बांधून झाल्या होत्या. मी म्हणाले, "पप्पा, कोर्ट म्हणजे चौक होता."

ते सळयांकडेच बघत म्हणाले, "माहितंय मला."

"मग?"

"दादासमोर काय बोलनार? इतक्या वर्षांचं त्याचं दुखनं हाय ते." मग वाकून एका सळईची तार तपासत म्हणाले, "तू तरी कामून नाय बोललीस?"

दुसऱ्या दिवशी स्लॅब भरला. काकांनी नारळ फोडला आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं, की पुण्याच्या माणसाला आपण कसं सरळ केलं. आर्किटेक्टने वाकून त्यांच्या पाया पडून फोटो काढून घेतला.

काचेची मापं घ्यायला माणूस यायच्या आधी मी एकटी साइटवर गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, माझ्या खोलीची ही काचेची बाजू विटांनी बंद करा, फक्त दारापुरती जागा सोडा. त्या घरात मी दिलेली ती पहिली सूचना. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं. "बाई, मंग उजेड कुठून यायचा?"

"येणार नाही."

"साहेबांला इचारलं का?"

"ते काही बोलणार नाहीत," मी म्हणाले, आणि खरंच कोणी काही बोललं नाही.