इमानाखालचा माणूस

कुणाच्या हातात बॅग दिसली की त्याला राहवायचं नाही. "बघू जरा," म्हणायचा आणि समोरच्याने हो-नाही म्हणायच्या आत बॅग त्याच्या हातात गेलेली असायची. पाय जरा फाकवून, डावा डोळा मिटून तो ती गुडघ्याएवढी उचलायचा, हलवून बघायचा आणि निकाल द्यायचा. "सव्वीस किलो. इसाच्या वर गेली की पैसं घेत्यात."

दहिवडीच्या एसटी स्टँडसमोर आमचा एसटीडीचा बूथ होता आणि शेजारी भुसार मालाचं दुकान. त्या दुकानातल्या काट्यावर बॅग चढायची आणि एकोणीस भरायची. तो बॅगेकडे बघायचाच नाही, काट्याकडे बघायचा. "लय जुना झालाय काटा," म्हणायचा. त्याचा अंदाज खरा ठरलेला मी तरी कधी पाहिला नाही. पण परगावी निघालेला माणूस त्याला बॅग दाखवल्याशिवाय पुढे जायचा नाही. इथल्या इथे म्हसवडला निघालेला असला तरी.

तो मुंबईच्या विमानतळावर लोडर होता. माण तालुक्यातली माणसं मुंबईला जातात ती बहुतेक मालाच्या बाजारात पोती उचलायला. हा कसा कुणास ठाऊक विमानापर्यंत पोचला होता. वर्षातून तीन-चारदा रजेवर यायचा आणि रजेतला निम्मा वेळ आमच्या बूथच्या ओट्यावर काढायचा. कंपनीचा निळा शर्ट तो रजेवरही घालायचा. त्यामुळे पुष्कळांचा समज असा, की हा विमान चालवतो. तो समज त्याने कधी आपण होऊन मोडला नाही. त्याची आई मात्र वस्तीवर सगळ्यांना सांगत सुटायची, "माजा ल्योक इमानात असतोय." तेव्हा तो हळूच म्हणायचा, "इमानात न्हवं, आई. इमानाखाली."

त्या वर्षांत आमच्याकडचीही माणसं विमानाने जाऊ लागली होती. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा जावई दिल्लीला पलटणीत. तिकिटाचं काम आमच्या बूथवरून व्हायचं. माझं माहेर माधवनगरचं. तिथल्या आमच्या एका शेजाऱ्याने सांगलीत तिकिटांचं ऑफिस काढलं होतं आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर होता. मी फोन लावायची, नाव आणि तारीख सांगायची आणि पलीकडे खटखट ऐकू यायची. हा काचेला नाक लावून बाहेर उभा. "वैनी, एकेक अक्षर सांगा. बी म्हणलं की त्यास्नी डी ऐकू येतंय. पासपोर्टात एक आन् तिकिटात एक झालं, तर माणूस हितंच ऱ्हातंय." ते मात्र खरं होतं. मग मी गळा ताणून "डी फॉर दहिवडी" ओरडायची आणि स्टँडवरचे कंडक्टर वळून बघायचे.

"मंगळवारचं घ्या," हा त्याचा दुसरा आग्रह. "मंगळवारी लोकं जात न्हाईत. इमान मोकळं असतंय." परतीचं तिकीट असेल तर निघण्याआधी फोन करून पक्कं करा, एक कपड्यांचा जोड आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या मुठीला रंगीत चिंधी बांधा, नाव बाहेर तर लिहाच पण आतही चिठ्ठी टाका. आणि चाकाची बॅग घेऊ नका, आधी चाकच तुटतं. कुणी विचारलं, "का हो तुटतं?" तर तो अगदी सरळ सांगायचा, "आमी फेकणारच. तुमी तसं भरा."

आपल्या धंद्याबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस तुम्हीही फारसा पाहिला नसेल.

आमच्या हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर मुलाकडे अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी बॅग स्वतः भरली होती. निघायच्या आदल्या दिवशी फोन करायला आले, बॅगही दाखवायला घेऊन आले. याने ती उचलली, हलवली, कान लावला. म्हणाला, "मास्तर, परीक्षा घेऊ का?" मास्तरांनी आयुष्यभर परीक्षाच घेतलेल्या. ते कौतुकाने म्हणाले, "घे."

याने बॅग डोक्यावर नेली आणि ओट्यावरून खाली रस्त्यावर फेकली.

आत धोतरात गुंडाळलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. बॅग उघडली तेव्हा मास्तरांचं शुभ्र धोतर हळदीच्या कार्यातून आल्यासारखं दिसत होतं. मास्तर धोतराचं टोक उचलून म्हणाले, "अरे, काय केलंस हे!"

"फुटलं ते हितं फुटलं, मास्तर. थितं फुटलं असतं तर?"

"तिथे फुटलं असतं तर निदान मला दिसलं नसतं!"

पण संध्याकाळी हाच मास्तरांच्या घरी जाऊन बसला. स्टीलचे डबे मधोमध, भोवती कपडे, बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत सुपाऱ्या. मास्तरीणबाईंच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून मुठीला बांधला. बॅग इतकी पक्की झाली, की ती पुन्हा फेकून बघायचा मोह त्याला आवरेना. मास्तरांनी ती खोलीत ठेवून कडी घातली.

आठवड्याने अमेरिकेहून फोन. मास्तर पोचले, बॅग नाही. ती भलत्याच गावाला गेली होती आणि नंतर कधीतरी सावकाश आली, जशीच्या तशी. तोवर मास्तरांनी हातातल्या पिशवीतला एक जोड धुऊन धुऊन घातला. मी हे याला सांगितलं. तो जराही शरमला नाही. "भरायचं काम आपलं, वैनी. कुटं जायचं, ती तिची मर्जी."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर त्याची पाठ गेली. तो रजेवर आला तो कमरेला पट्टा बांधून. साताऱ्याच्या डॉक्टरांनी वजन उचलायची बंदी केली होती. मी त्याच्यासमोरून लोकांच्या बॅगा लपवू लागले. एके दिवशी ओट्यावर कुणी नाही असं बघून तो बूथच्या दारात आला. फोन करायचा नव्हता. उगीच काचेवरची धूळ बोटाने पुसत म्हणाला, "वैनी, मार्चात नोकरी सोडतोय. आता न्हाई व्हायचं."

काच पुसतच पुढे म्हणाला, "कंपनी आमाला वरसाला इमानाचा फुकाट पास देती. माजा आन् आईचा. इतकी वरसं झाली, आई न्हाई म्हणती. आता नोकरी गेली की पासबी गेला."

त्याची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, मूल नव्हतं. मुंबईत तो चार जणांत एका खोलीत राहायचा. आई वस्तीवर एकटी, तिची शेरडं आणि ती. मोठी बहीण नागपूरला दिलेली. तिचं घर आईने अजून पाहिलं नव्हतं.

मी म्हातारीकडे गेले. ती शेळीला पाला घालत होती. मी म्हटलं, "मावशी, शेरडं मी सांभाळते. आमच्या परड्यात बांधा. तुम्ही जाऊन या."

तिने हातातला पाला खाली टाकला. मग म्हणाली, "पोरी, माज्या ल्योकाचा बा दीक्षा घ्यायला नागपूरला गेला. समदी गेली रेल्वेनं. मी तेवढी ऱ्हायले. हे अंगावर पीत हुतं आन् तापानं फणफणलं हुतं. मागनं गावात मी दीक्षा घेतली. पर नागपूर ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

"मग आता जा की!"

"जाईन गं. पर ह्येला सांगू नगंस. त्येला वाटंल, त्येच्यामुळं ऱ्हायलं."

ती यायला तयार झाली म्हटल्यावर त्याने काय धांदल केली म्हणता! आईची बॅग त्याने आमच्या ओट्यावर दोनदा भरली आणि दोनदा उपसली. तिने घातलेली बाजरीची पिशवी त्याने काढली. घोंगडी काढली. तळाशी एक पांढरी साडी होती, तीही काढली. "आक्काच्या नेस की तिकडं. उगं वजन." तो चहा आणायला गेल्यावर म्हातारीने ती साडी पुन्हा आत सारली आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

तो मंगळवारीच निघाला, हे सांगायला नकोच. पण त्याचे सगळे हिशेब त्याच्याच पासाने उधळले. पासावर जाणाऱ्याला जागा उरली तरच चढू देतात. आणि त्याने निवडला होता डिसेंबर. विधानसभेचं अधिवेशन नागपूरला. सगळं विमान पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या माणसांनी भरलेलं. मंगळवारी जागा नाही. बुधवारी नाही. त्याचा मुंबईहून फोन आला तेव्हा आवाज पार बसला होता.

"वैनी, आईला माघारी आणतो. ती खुर्चीवर बसून हाय कालधरनं. मला बघवत न्हाई."

मागून म्हातारीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "कुणाला माघारी आणतोस रं? मी न्हाई यायची. जातील की कवातरी ही माणसं."

गुरुवारी जागा मिळाली. पुढची हकिगत मला त्याने नाही सांगितली, म्हातारीने नागपूरहून फोन करून सांगितली. फोनवर ती इतक्या मोठ्याने बोलायची, की फोनची गरज नव्हती.

"आगं पोरी, काय सांगू! थितं एक पोरगी बसती. ती म्हणाली, बॅग द्या. तर हे सोडंचना! ती वढती, हे वढतंय. ती म्हणाली, काका, सोडा. हे म्हणतंय, मला म्हाईत हाय तुमी काय करता ते. शेवटाला मी म्हणलं, सोड की रं, लोकं बघत्यात."

"मग?"

"मग आत बसलो. खिडकीतनं खाली ह्येचं सोबती दिसलं, बॅगा टाकत्यात. हे काच बडवतंय. हळू रं, हळू, माज्या आईची हाय! त्यास्नी काय ऐकू जातंय? दिली भिरकावून. लय हसले गं मी. आन् हे लोकांस्नी शिकिवतंय, पट्टा असा बांदा, तसा बांदा. ह्येला सोडायला येईना. इमानातली बाई आली आन् तिनं सोडला."

मी हसून हसून डोळे पुसत होते. मग तिचा आवाज एकदम खाली आला. दीक्षेच्या जागी जाताना तिने ती पांढरी साडी नेसली होती. स्तूपापुढे ती बसली आणि उठेचना. लेक म्हणाली चल, तरी नाही. आणि तेव्हा तिने मुलाला सांगितलं, त्याचे वडील आले होते तेव्हा ती का राहिली ते.

"त्याला सांगू नको म्हणाला होतात ना तुम्ही?"

"आता आले नव्हं? आता सांगाया काय हुतंय?"

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणतंय? पाय चेपत बसलं माजं."

तो परत आला तो एकटाच. लेकीने आईला ठेवून घेतलं होतं आणि आईलाही तिथे बरं वाटत होतं. जवळपास आपली माणसं, संध्याकाळी वंदनेला जायचं, नळाला पाणी. "महिनाभर ऱ्हाईल म्हणती," तो म्हणाला. महिन्याचे तीन झाले. मार्चात त्याने नोकरी सोडली आणि वस्तीवर आला. एकटाच भाकऱ्या थापायचा, करपवायचा. शेरडांनी त्याला फार छळलं. ती फक्त म्हातारीच्या हाकेला यायची आणि याची हाक ऐकली की उलटी पळायची. पाठ धरून तो त्यांच्यामागे पळतोय, हे दृश्य बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. शेवटी त्याने ती शेजाऱ्याला देऊन टाकली.

त्यानंतर तो बूथवर आला तरी नुसता बसायचा. निळा शर्ट आता अंगात नसायचा. कुणी बॅग पुढे केली तर म्हणायचा, "बरी हाय." मला ते ऐकवत नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्याने नेहमीसारखा नागपूरला फोन लावला. जेवलीस का, खोकला काय म्हणतोय, आक्का कशी हाय, सगळं झालं. बूथचं दार नीट लागायचं नाही, मला ऐकू येतच होतं. अर्धे केस पांढरे झालेला तो माणूस वायरला बोटाने पीळ घालत म्हणाला, "आई, मी बी येऊ का तिकडं?"

पलीकडून म्हातारी नेहमीच्या आवाजात ओरडली, तो आवाज ओट्यापर्यंत आला.

"ये की रं! त्यात इचारायचं काय? मी वाटच बघतीया, कवा इचारतंय म्हणून."

फोन संपला तरी त्याने रिसीव्हर कानालाच धरला होता. मी त्याच्याकडे पाठ करून उगीच कॅलेंडर सरळ केलं.

चार दिवसांनी तो गेला. साताऱ्याची गाडी दुपारची होती. माझ्या यजमानांनी त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली, त्याने ती ठेवू दिली. खिडकीत बसल्यावर म्हणाला, "वैनी, ऊन लय हाय. आत जावा." मी आत गेले नाही.

नागपुरात त्याच्या मेहुण्याने त्याला एका शाळेत शिपायाचं काम लावून दिलं, असं कळलं. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग सणासुदीला, मग नाहीत. पुढे आमचा बूथच बंद झाला. वस्तीवरच्या त्याच्या घराचं दार अजून ओढून घेतलेलं आहे, कुलूप नाही. परवा त्या बाजूला गेले होते. दाराच्या चौकटीवर म्हातारीने कधीतरी निळ्या रंगात चितारलेली कमळं अजून चांगली ठसठशीत आहेत.