आठ डिग्रीवरची गाडी

जगातल्या प्रत्येक गाडीची ठिणगी उशिरा पडते, असं माझ्या थोरल्या मेव्हण्यांचं ठाम मत आहे. तरुणपणी नऊ वर्षं ते शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होते. रत्नागिरीला परतून बावीस वर्षं झाली, पण कान अजून तिकडेच आहेत. आमच्याकडे आले की चहाआधी माझ्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडतात, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात, आणि डॉक्टरनं वाईट बातमी सांगावी तसं म्हणतात, "भावोजी, गाडी झोपल्ये हो." मग ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवतात. पिस्टन वर पोचायच्या आठ डिग्री आधी पडणारी ठिणगी चौदा डिग्री आधी पडू लागते. ते गेले की मी ती पुन्हा आठवर आणतो. असं एकोणीस वेळा झालं.

त्यांचं शास्त्र चुकीचं नव्हतं. "पेट्रोल जळायला वेळ लागतोच. शर्यतीत पिस्टन धावत येतो. जेवणारा लवकर येणार, तर चूल आधी नको पेटवायला?"

"दादा, आमचा जेवणारा दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढतो."

"म्हणून तर झोपल्ये."

विसाव्या वेळी मी थकलो आणि गाडी चौदावरच राहू दिली. ही चूक माझी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना, म्हणजे त्यांच्याच आईला, गावाहून डायलिसिसला आणायचं होतं. वेळ सकाळी नऊची. चुकली तर पलंग दुसऱ्याला जायचा. मेव्हणे शेजारी बसले होते. घाटाच्या अर्ध्यात इंजिन आतून ठोकायला लागलं, डब्यात खडे हलवावेत तसं. मग तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि वाफ आली.

गाडी बाजूला घेतली. मेव्हणे कठड्याच्या चिऱ्यावर बसून राहिले. मागून सासूबाई म्हणाल्या, "अरे, मला कुठे पहिला नंबर काढायचाय? जायचं तिथे मी हळू गेल्ये तरी चालेल."

इंजिन निवल्यावर मेव्हणे स्वतः उठले, डिस्ट्रिब्युटर मागे आठवर फिरवला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकलं. आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. नर्सबाईंनी पलंग धरून ठेवला होता. घरी आल्यावर मेव्हण्यांनी बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, नेलपॉलिश मागून घेतली आणि आठच्या जागी लाल रेघ ओढली. "इथनं कोणी हलवायचं नाही," मला बजावलं, जणू मीच हलवत होतो.

त्या रेघेवर सासूबाई आणखी चौदा महिने येत-जात राहिल्या. एकदाही उशीर झाला नाही.

आता त्या नाहीत. मेव्हणे अजून येतात, चहाआधी बॉनेट उघडतात, मूठ कानाला लावतात. मी वाट बघतो. पण ते रेघेवरची धूळ बोटानं पुसतात आणि बॉनेट हळूच खाली टेकवतात.