बाईंनी खोडलेला शब्द

कोंडेबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी भोरला शाळेत, सातवीच्या वर्गावर होतो. कामथडीहून त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. "सर, आई गेल्या... सकाळी चहा घेतला, अंगणात उन्हाला बसल्या आणि तिथंच..." मुलांना धडा वाचत बसायला सांगून मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. बाई पंचाहत्तरीच्या पुढं गेल्या होत्या, तब्येतही नरमच असायची, त्यामुळं धक्का बसला असं म्हणता येणार नाही. तरी आपण लिहिलेलं तपासणारं आता कुणी उरलं नाही, असं काहीतरी वाटलं. महिना होऊन गेला, अजून तसंच वाटतंय.

वीसेक वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो तो वेल्ह्याच्या वरच्या एका वाडीत. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची, आणि शिक्षक आम्ही दोघंच. बाई मुख्याध्यापिका. आठवडाभर वेल्ह्यात भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीनं कामथडीला घरी जायच्या. उंच, काटक, तोडून बोलणाऱ्या. मला पहिले सहा महिने त्यांची भीतीच वाटायची. वाडीच्याही वर, डोंगराच्या सपाटीवर धनगरांची चार-पाच घरं होती. तिथल्या बबन ढेबे यांची मुलगी हिरा आमच्याकडं चौथीला होती. शेळ्यांमागं फिरून आलेली ही पोर तोंडी हिशोब असे करायची की मी फळ्यावर उत्तर लिहीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसलेली असायची. चौथीनंतर तिचं काय होणार या काळजीनं मला घेरलं. पाचवीची शाळा खाली वेल्ह्यात, वाट रानातली, आणि त्या वाटेवर बहुतेक मुलींची शाळा सुटायची. म्हणून मी ठरवलं, हिराला भोरच्या वसतिगृहात घालायचं.

ठरवलं ते मीच. तिची आई धोंडाबाई दारातच म्हणाली होती, "मास्तर, पोर न्हाई म्हनतीया. तिला हितनं जायाचं न्हाई." मी ते ऐकून घेतलं आणि बबनला बाजूला घेऊन तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा घेतला, बाईंची सही घेतली, आणि जूनमध्ये हिराला एसटीत बसवून स्वतः भोरला सोडून आलो. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. ती लाजतेय, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी वसतिगृहातून निरोप आला, मुलगी नाही. दुपारच्या जेवणानंतर ती कुणाला न सांगता निघाली होती. येताना गाडी कापूरहोळला वळली होती एवढं तिच्या लक्षात होतं, तेवढ्या आधारावर ती डांबरी रस्त्यानं चालत सुटली. आम्ही भोरमध्ये शोधत होतो नदीकाठानं, बाजारात, स्टँडवर. मी वेल्ह्याला परतलो तेव्हा धोंडाबाई तिथल्या स्टँडवर येऊन बसली होती. ती रडत नव्हती, प्रत्येक गाडीच्या दाराकडं बघत होती. मला तिच्यासमोर उभं राहवेना... दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं हिराला हाताला धरून खाली उतरवलं. कापूरहोळला कणसं विकणाऱ्या एका बाईनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं आणि सकाळी वेल्ह्याच्या गाडीत बसवून दिलं होतं. पायाला फोड आले होते. बाकी पोर धड होती. धोंडाबाईनं तिला उचललं आणि माझ्याकडं न बघता डोंगराची वाट धरली.

शिक्षण खात्याकडून खुलासा मागवला गेला. मी रविवारभर बसून दोन पानं लिहिली आणि सोमवारी बाईंच्या टेबलावर ठेवली. 'सदर विद्यार्थिनीच्या भवितव्याचा विचार करून मी शुद्ध हेतूने...' अशी सुरुवात होती. बाईंनी पेन्सिल घेतली, वाचलं आणि म्हणाल्या, "शिंदे, 'शुद्ध' तीनदा आलंय. हा शब्द व्याकरणात काय?"

"विशेषण."

"कुणाचं?"

"हेतूचं."

"आणि हेतू?"

"माझा."

"मग ते तुम्ही कसं लावता? माझा गळा गोड आहे असं मीच म्हणायचं का? हे विशेषण ज्याला सोसावं लागलं त्यानं लावायचं असतं. तेही त्याला वाटलं तर, आणि वाटेल तेव्हा." त्यांनी तिन्ही ठिकाणी शब्द खोडला. मग म्हणाल्या, "आता काय केलंत तेवढं लिहा."

लिहायला बसलो तेव्हा कळलं, तो शब्द काढल्यावर दोन पानांत फारसं काही उरत नव्हतं. मुलगी नको म्हणत होती हे मला माहीत होतं. आई नको म्हणाली होती. मी वडलांना गाठलं. एवढी तीन वाक्यं लिहायला मला सकाळची सुट्टी होईपर्यंत वेळ लागला. बाईंनी खाली आपल्या हातानं जोडलं, 'मुख्याध्यापक या नात्याने मीही मुलीला न विचारता सही केली,' आणि सही ठोकली. मी म्हणालो, "बाई, तुमचं नाव कशाला? तुमची निवृत्ती जवळ आलीय." त्या म्हणाल्या, "सही माझीच आहे ना? चला, आता वर जायचंय."

चढावर त्या दम खायला थांबल्या तेव्हा आपणहून बोलल्या. त्यांच्या नणंदेचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, घर चांगलं बघून, हट्टानं. ते नीट झालं नाही. "मी तिच्या भल्यासाठीच केलं होतं हे तिला मी किती वर्षं सांगत होते. एक दिवस ती म्हणाली, वहिनी, तुमचं भलं ऐकून ऐकून मला माझं दुःख सांगायला जागाच उरली नाही... तेव्हापासून गप्प बसायला शिकले." पुढं त्या दोघींचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

धोंडाबाई गोठ्यात होती. मी तोंड उघडलं, "मावशी, माझ्या मनात..." बाई खाकरल्या. मी थांबलो. मग म्हणालो, "तुम्ही नको म्हणाला होता, हिराही नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

तिनं हातातलं शेण पाटीत टाकलं. मग म्हणाली, "पोरगी घावली म्हनून तुमाला हितं उबं ऱ्हाऊ दिलंय, मास्तर."

बाई उंबऱ्यावर बसल्या आणि आत अंधारात बसलेल्या हिराला त्यांनी सरळ विचारलं, "तुला काय पाहिजे?" असं तिला आजवर कुणी विचारलंच नसावं. तिनं आईकडं बघितलं. मग म्हणाली, "शाळा पायजे. पर रोज घरला यायचं."

मग वाट निघाली. बबन रोज सकाळी दूध घेऊन वेल्ह्याला जायचा, हिरा त्याच्याबरोबर पाचवीच्या शाळेत जाऊ लागली. संध्याकाळी ती आमच्या वाडीपर्यंत चालत यायची आणि धोंडाबाई तिला न्यायला खाली उतरायची. धोंडाबाई येईपर्यंत बाई शाळेच्या पायरीवर थांबायच्या. पुढच्या वर्षी वाडीतल्या दोन पोरी हिराबरोबर जाऊ लागल्या, त्यानंतर आणखी तीन. माझ्या खुलाशावर समज देऊन प्रकरण मिटलं. हिरा आज जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, वाड्यावाड्यांवर जाऊन शेळ्यांना लस टोचते.

गेल्या रविवारी मी कामथडीला गेलो. बाईंच्या खोलीत सूनबाईंनी कपाट आवरायला काढलं होतं. त्यात लांबट वह्यांचा एक गठ्ठा निघाला होता. शिकवलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढं बाईंनी एकेक ओळ लिहून ठेवली होती. हुशार, गुणी, आज्ञाधारक असलं काही नाही. 'दुसऱ्याची चप्पल आधी शोधून देतो.' 'खोटं बोलताना हसतो.' 'पाऊस आला की धाकट्या भावाला न्यायला पळते.' बाई आधी कामथडीच्याच शाळेत होत्या, त्यामुळं गावातली बरीच माणसं येऊन आपापली ओळ वाचून गेली, असं सूनबाई सांगत होत्या.

मी वही चाळत होतो तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. वह्यांचं ऐकून हिरा आली होती, मागं धोंडाबाई. आता केस पांढरे झालेत, पण चालणं तसंच. हिरानं आपलं नाव शोधलं आणि ओळ मोठ्यानं वाचली, 'न विचारता नेली, तर पळून आली. विचारलं, तर रोज चालत आली.'

"पुन्यांदा वाच," धोंडाबाई म्हणाली. हिरानं पुन्हा वाचलं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं वहीकडं बोट केलं. "रोज चालत आली, व्हय... पर घरापत्तूर न्यायला म्याच यायाची की! त्ये न्हाई व्हय लिवलं?"

हिरानं पर्समधून पेन काढलं. टोपण उघडून ती थांबली आणि सूनबाईंकडं वळली. "वहिनी, यात मी एक ओळ लिहू का?"

सूनबाईंनी मान हलवली. खिडकीतल्या उजेडात वही धरून हिरानं बाईंच्या अक्षराखाली सावकाश लिहिलं, 'आई रोज न्यायला यायची.'