दोन कार्डं, एक खिसा

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे आणि एकदाही खरी सांगितलेली नाही. पिंगळी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघताना अनोळखी माणसांनाही सांगितली. लोक पोट धरून हसले. त्यातलं खरं काय ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळत नाही.

धाकटा मुलगा हैदराबादला नोकरीला लागला तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो. आम्ही पिढीजात मेंढरं राखणारी माणसं, जोडीला थोडी शेती. हैदराबाद मी फक्त वडिलांच्या बोलण्यातून पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मुलानं माझ्या हातावर दोन कार्डं ठेवली.

"आबा, हे मेट्रोचं. एक तुमचं, एक आईचं. पैसे भरलेत. आत जाताना टेकवा, बाहेर पडताना टेकवा. फिरून या दोघं."

मी दोन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात घातली. आमच्याकडे तिकिटं पुरुषाच्याच खिशात असतात. एसटीत मी कंडक्टरला "दोन" म्हणायचो आणि ती खिडकीशी बसायची, एवढंच तिला प्रवासाचं ठाऊक.

"माझं माझ्यापाशी द्या की," ती म्हणाली.

"कामून? पाडशील कुठं तरी. आन् रेशनचं कार्ड कसं, सगळ्या घराला एकच असतंय ना? हे बी तसंच."

"मंग पोरानं दोन कामून दिली?"

"एक संपलं तर दुसरं!" मी ठासून सांगितलं. माहीत काहीच नव्हतं.

मेट्रोच्या स्टेशनात शिरलो. सरकते जिने, आरशासारखी फरशी, आणि समोर ती फाटकं! कार्ड टेकवलं की दोन्ही पाखं उघडायची, माणूस गेला की मिटायची. मला मेंढरांच्या वाड्याचं तोंड आठवलं. तिथं एकाला सोडलं की दुसरं त्याच्या अंगाला घासून निघतंच. मी कार्ड टेकवलं, हिला पुढं ढकललं आणि तिच्या पाठीला चिकटून मीही आत. पाखं मागं मिटली. "बघितलं? रेशन कार्ड!" मी म्हणालो. ती पदर तोंडाला लावून हसली.

मग गाडी आली. काय सांगू! धूर नाही, खडखड नाही, आणि बघता बघता आम्ही घरांच्या गच्च्यांवरून निघालो. खाली रस्ता, रिक्षा, वाळत घातलेल्या लुंग्या, एका गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा. ही काचेला नाक लावून उभी.

"अवो, आपण हवेतून जायलोत! खाली बगा, म्हशी केवड्याशा दिसायल्यात!"

"हळू बोल, लोक बघायलेत."

"बगू द्या. त्यांच्या काय बापाची गाडी हाय?"

शेजारच्या मुली हसल्या, तीही त्यांच्यासोबत हसली. लग्नाला चाळीसेक वर्षं होत आली होती, पण तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती. स्टेशन आलं की ती म्हणायची, "अजून एक जाऊ." आम्ही अजून एक, अजून एक करत पार शेवटपर्यंत गेलो.

उतरलो. मी कार्ड टेकवून बाहेर पडलो. ती मागून येईतो पाखं मिटली, तांबडा दिवा लागला, मशीन ओरडायला लागलं. ती आत, मी बाहेर.

वर्दीतली बाई आली. "अम्मा, कार्ड लगाओ ना. पीछे लोगां खडे हैं." हिनं माझ्याकडे बघितलं. बाईनंही बघितलं. "बाबा, एक कार्ड पे दो जने आये क्या? ये तो चोरी है."

चोरी हा शब्द ऐकला आणि माझे कान तापले. मागं रांग लागलेली, गाडीतल्या त्या मुलीही तिथंच. मी मोठ्यानं बोललो, "तुला सांभाळायला दिलं होतं ना कार्ड? कुठं पाडलंस?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खिशाकडे. पातळ सदऱ्यातून दुसऱ्या कार्डाचा निळा कोपरा दिसत होता. ती बाईला म्हणाली, "पडलं वाटतं, माय."

मी दंड भरला, तेव्हा ती बाहेर आली. घरी जाताना ती खिडकीशी उभी राहिली नाही.

गावी आल्यावर मी या गोष्टीला तिखटमीठ लावलं. आमची बायको हैदराबादच्या फाटकात कशी अडकली, मशीन कसं बोंबललं, कार्ड कसं हरवलं! ती चहा आणून द्यायची, हसणाऱ्यांकडे बघायची आणि आत जायची. जिनं उभ्या जन्मात एक सुई हरवली नव्हती, तिच्या हातात पुढं कुणी काही देईना. घरातली थोरली सून म्हणायची, "आई, किल्ली आबांकडे द्या, तुमच्याकडून पडायची." हैदराबादचा मुलगा दर सणाला बोलवायचा. ती म्हणायची, "तुमी जावा. मी कार्ड पाडते." काचेला नाक लावणारी ती बाई पुन्हा हैदराबादला गेलीच नाही.

एकदा चुडाव्याला लग्नाला निघालो होतो. पिंगळीच्या बाकड्यावर दोघंच होतो. आज बोलायचंच असं ठरवून मी सुरुवात केली, "अगं, ते हैदराबादचं कार्ड..."

"नगा आता," ती म्हणाली. "किती बारी सांगताव? माझे कान किटले."

मी तीच हसण्याची गोष्ट काढली असं तिला वाटलं. तेवढ्यात गाडी आली. मी दोन्ही तिकिटं खिशात चाचपली आणि चढलो. त्या हिवाळ्यात ती गेली.

बाकड्यावर माझ्या जिभेवर एवढंच होतं: अगं, ते कार्ड माझ्याच खिशात होतं. तू काही पाडलं नाहीस. मी चुकलो.