पॉइंट पाच मोठं की पॉइंट पंचवीस?

मी पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. बरीच वर्षं झाली. अपूर्णांक संपवून दशांश सुरू केले की दरवर्षी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: पॉइंट पाच मोठं की पॉइंट पंचवीस? जवळपास सगळा वर्ग पंचवीसच्या बाजूने ओरडतो. पंचवीस पाचापेक्षा मोठे, त्यात काय विचारायचं! मी नियम सांगत नाही. कागद दुमडायला देते, दोरी कापायला देते, मुलांना भांडू देते. उत्तर उशिरा आलं तरी चालेल, पण का ते कळलं पाहिजे, असा माझा हट्ट.

माझी मुलगी दुसऱ्या शाळेत, पण तीही त्या वर्षी पाचवीतच होती. एका संध्याकाळी वारज्याच्या आमच्या घरी पोळ्या करता करता मी तिलाही तोच प्रश्न घातला. "पॉइंट पंचवीस," ती म्हणाली. मी तव्यावरून उतरलेली पोळी निम्मी दुमडली, मग आणखी एकदा. "आता यातलं पॉइंट पाच कुठलं, दाखव." ती बराच वेळ पोळीकडे बघत राहिली. उलगडली, पुन्हा दुमडली. आणि एकदम म्हणाली, "अय्या! पॉइंट पाच म्हणजे अर्धी! पंचवीस म्हणजे नुसती पाव! आई, पाचच मोठं!"

मी पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलं.

काही दिवसांनी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. "बरं झालं हो, तुमच्यामुळे आमचंही ठरलं," त्या म्हणाल्या. "गणिताच्या बाई स्वतःच्या मुलीला पाठवतात, म्हणजे क्लास चांगलाच असणार. क्लासचे सरही सगळ्यांना तेच सांगतात."

"कुठला क्लास?"

त्या गडबडल्या. "मंगळवार-गुरुवारचा. गणिताचा. तुमचे मिस्टरच तर सोडायला येतात."

मंगळवारी आणि गुरुवारी माझी मुलगी चित्रकलेच्या क्लासला जायची. निदान मला तसं सांगितलं होतं. जूनपासून.

नवरा खराडीच्या ऑफिसातून आला, तेव्हा मी सरळ विचारलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "तू छानच शिकवतेस. पण परीक्षेत वेळ पुरायला नको का? तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

"म्हणून तिला खोटं बोलायला शिकवलंस?"

"खोटं काय त्यात? फक्त सांगितलं नाही."

"चित्रकला म्हणाला होतास."

त्याने बूट उचलून कपाटात ठेवले. मुलगी दारात उभी होती. मी तिला शेजारी बसवलं. "पोळीच्या दिवशी तुला उत्तर येत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. "सरांनी आधीच शिकवलं होतं. शेवटी शून्य लावायचं. मग पन्नास आणि पंचवीस. झालं."

"मग चुकीचं का सांगितलंस?"

"लगेच सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणी शिकवलं. आणि तुला समजावून सांगायला आवडतं ना."

नवऱ्यावरचा राग ओळखीचा होता, तो मला अनेकदा आला आहे. पण तिने केलं त्याचं काय करावं, ते कळेना. ते पोळीकडे बघत राहणं, ते "अय्या" म्हणणं, सगळं माझ्यासाठी केलेलं होतं. माझ्या लेकीने मला सांभाळून घेतलं होतं.

तरीही राहवलं नाही. "शेवटी शून्य लावलं तरी किंमत बदलत का नाही?"

"तिथे असं विचारत नाहीत, आई," ती म्हणाली. "म्हणून लवकर होतं."

मी क्लास बंद केला नाही. ते सर एकदा सोसायटीच्या फाटकाशी भेटले. "मॅडम, क्लासबद्दल दोन मिनिटांचा व्हिडिओ द्याल का?"

"दोन मिनिटांत मला काहीच सांगता येत नाही," मी म्हटलं. "घरीही तीच तक्रार आहे."

ते मोकळेपणाने हसले.

शाळेत मात्र माझं बिनसलं. वर्ग एका सुरात "समजलं, बाई!" म्हणाला की मी एकेक चेहरा निरखत बसते. एका मुलीने अगदी बरोबर उत्तर दिलं, तर मी तिला ते इतकं उलटसुलट विचारलं, की तिचे डोळे भरून आले.

वार्षिक परीक्षेत लेकीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. नवऱ्याने पेढे आणले. "अजून त्या क्लासवर राग आहे का तुझा?" त्याने विचारलं. मी पेढा घेतला, छान आहे म्हटलं आणि कुकर लावायला उठले. क्लासवर माझा राग कधीच नव्हता. पण तो तसंच समजतो, आणि मीही त्याला समजावत बसले नाही.