धुळ्याच्या दिवाणखान्यात भेटलेले आबांचे वडील

धुळ्याच्या एका वकिलांनी गेल्या शतकातली तैलचित्रं आपल्या दिवाणखान्यात मांडून रविवारी लोकांना खुली केली, असं कळलं. मी जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून जायचं ठरवलं. असोद्याचे माझे सासरे आबाही निघाले. सत्तरी ओलांडलेली, पण तैलचित्र कधी पाहिलेलं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा. चाळीसगावला गाडी बदलावी लागते आणि धुळ्याची गाडी सुटेपर्यंत बराच वेळ जातो. आम्ही तिथल्या बाकावर बसून भरीत-भाकरी खाल्ली. पुढे स्टेशनावरून टांगा मिळतो.

चित्रं सोळा होती. नवव्यापाशी आबा थांबले. पागोटेवाला तिशीचा माणूस, काठीवर टेकलेला हात, हाताला सहा बोटं. आबा पाळण्यात असतानाच त्यांचे वडील वारले होते. वडिलांना सहा बोटं होती, एवढंच आईनं सांगितलेलं.

“माहा बाप हाये हा,” आबा म्हणाले.

वकील म्हणाले की चित्र एका साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातलं आहे, माणूस कोण ते कुणालाच ठाऊक नाही आणि सहावं बोट ही चित्रकाराची चूकही असू शकेल. तेवढ्यात मागून एक म्हातारी अक्का पुढे आली. तिनं ते नाक ओळखलं होतं. “हाऊ मना आजला शे,” ती म्हणाली, म्हणजे तिचा आजोबा.

वकिलांनी सवयीनं दोघांचीही जबानी घेतली. बराच विचार करून ते म्हणाले, दोघांचंही खरं मानलं तर आबा अक्कांचे काका होतात. अक्का आबांहून मोठ्या दिसत होत्या, तरी त्यांनी पदर सावरून वाकून नमस्कार केला. आबांनी आशीर्वाद दिला.

मी चित्राजवळ गेलो. सहावं बोट म्हणजे काठीची मूठ होती.

निघताना आबा चित्रासमोर उभे राहिले. “आता मी तुह्याहून मोठा हाये,” ते हळूच म्हणाले.

घरी येताच त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि सुतक धरलं. तेव्हा कळत नव्हतं, आता तोंड पाहिलं, असं त्यांचं म्हणणं. दहा दिवस अख्खा गाव बसायला येत होता. कसे गेले, असं लोक मलाच विचारत. चित्रांचं कुणी विचारलं नाही, आणि मलाही त्या सोळांपैकी एकच आठवतं.

बायको मात्र खरोखर रडली. मी समजूत घालायला गेलो.

“कालपर्यंत मले आजोबाच नव्हते,” ती म्हणाली, “अन् आज गेले बी.”