दोन खांबांमधला झोत

नव्या फ्लेक्सचा थिनरसारखा वास आला की मला अंधेरीतल्या आमच्या कॉलेजची लॅब आठवते. बंदराच्या धक्क्याचे दोन गोल खांब शेजारी शेजारी असतील तर त्यांच्याभोवती पाणी कसं वाहील, हे माझी मैत्रीण एमटेकच्या प्रबंधासाठी कॉम्प्युटरवर सोडवत होती. खांबांमधून निघणारा झोत सरळ जाईना. कधी डावीकडे झुके, कधी उजवीकडे. गणितासाठी पाण्याचे बारके चौकोन पाडणारी जाळी तिने आणखी बारीक करून पुन्हा तपासलं, तरी तो झुकतच राहिला. “चूक नाहीये रे, खांबांना हिसके बसतात ते यानेच!” ती मला म्हणाली. त्याच आठवड्यात लॅबच्या औपचारिक उद्घाटनाला पाहुणे येणार होते, आणि तिचं चित्र भिंतभर फ्लेक्सवर लागणार होतं. ते पाहून तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “अगं, असं वाकडं दाखवायचं? अर्धाच भाग सोडव आणि आरशासारखा उलटून जोड.” “सर, मग झोत झुकूच शकणार नाही. हिसके दिसणारच नाहीत.” “पाहुणे काय खांब हलवून बघणार आहेत?” लॅबमधले सगळे हसले. ती म्हणाली, “मग माझं नाव नको.” सर थबकतील असं मला वाटलं. ते “बरं” म्हणाले आणि त्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं. पाहुण्यांना चित्र फार आवडलं. तिने ते सत्र संपायच्या आत कॉलेज सोडलं. आता मीही शिकवतो. एखाद्याचं चित्र फारच सुबक आलं, की अर्धंच सोडवलंस का, असं विचारावंसं वाटतं. दर वेळी विचारत नाही.